गरम झाल्यावर मिसिंग मारणारं होडीचं इंजिन: दोष शोधायचा क्रम

थंड इंजिन दुसऱ्या-तिसऱ्या ओढीला सुरू होतं. जेट्टी सोडून खाडीत येईपर्यंत छान चालतं. दहा-पंधरा मिनिटं झाली की आवाज तुटायला लागतो, यालाच मिसिंग म्हणतात. रेस कमी केली तर बंद पडतं, वाढवली तर गचके खातं. अर्धा तास थांबून पुन्हा दोरी ओढली की काही झालंच नव्हतं असं सुरू होतं. मेकॅनिककडे नेलं तर तिथे पोहोचेपर्यंत ते थंड झालेलं असतं, त्यामुळे तिथेही ते छानच चालतं.

आमच्या होडीवर हा त्रास झाला तेव्हा प्लग, कार्बोरेटर किट, फ्युएल पंप असं एकामागून एक बदलून झालं. दोष निघाला इग्निशन कॉइलमध्ये (प्लगला ठिणगीची वीज देणारी गुंडाळी), आणि ती कॉइल थंड असताना मीटरवर अगदी निर्दोष दिसत होती. त्यातून मी जे शिकलो ते असं: दोष गरम इंजिनात दिसतो, तर तपासणीही इंजिन गरम असताना आणि मिसिंग चालू असतानाच करायची. थंड इंजिनावर केलेली तपासणी बहुतेक वेळा काहीच सांगत नाही. पुढचा सगळा क्रम यावर उभा आहे.

हा लेख लहान होड्यांवरच्या पेट्रोल टू-स्ट्रोक, कार्बोरेटरवाल्या आउटबोर्ड, म्हणजे होडीच्या मागे बाहेरून लावायच्या इंजिनांसाठी आहे. मालवण-तारकर्लीकडे पर्यटकांना फिरवणाऱ्या किंवा रायगड-रत्नागिरीच्या खाड्यांत जाळी टाकणाऱ्या छोट्या होड्यांवर दिसतात ती, साधारण ८ ते ४० हॉर्सपॉवरची. फोर-स्ट्रोक इंजेक्शन इंजिन असेल तर पेट्रोल आणि इंजिन थंड करणाऱ्या पाण्याचे भाग तुम्हालाही लागू पडतील, पण पुढचं निदान डायग्नोस्टिक मशीन लावूनच होतं. मोठ्या बोटींच्या डिझेल इंजिनांचा प्रकार वेगळा, तो इथे घेतलेला नाही.

सुरू करण्याआधी हाताशी काय हवं

कागदांत सर्वांत महत्त्वाचं म्हणजे तुमच्या मॉडेलचं सर्व्हिस मॅन्युअल. ओनर्स मॅन्युअलात कॉइलचे ओहम, प्लगचा गॅप, स्क्रूचे फेरे हे सगळं मिळेलच असं नाही, सर्व्हिस मॅन्युअलात मिळतं. इंजिन होडीला जिथे पकडलेलं असतं त्या ब्रॅकेटवर मॉडेल कोड आणि सीरियल नंबरची पट्टी असते. तिचा फोटो फोनमध्ये ठेवा, कारण एकाच हॉर्सपॉवरच्या दोन वर्षांच्या इंजिनांचेही पार्ट वेगळे असू शकतात. जुन्या कामांची बिलं असतील तर काढून ठेवा. वॉरंटी चालू असेल तर काहीही उघडू नका, थेट अधिकृत सर्व्हिस सेंटर गाठा. पाण्यात टेस्टिंग करताना होडीच्या नोंदणीची प्रत आणि ओळखपत्र जवळ असू द्या.

हत्यारं अशी:

- प्लग पाना, स्क्रूड्रायव्हर, पाने, गॅप मोजायच्या पट्ट्या (फीलर गेज)
- डिजिटल मल्टिमीटर
- ठिणगी तपासायचा स्पार्क टेस्टर. वायरवर चिमटा लावायची टायमिंग लाइट मिळाली तर फारच उत्तम
- कम्प्रेशन गेज, प्लगच्या आट्यांना बसणाऱ्या अडॅप्टरसकट
- लांबून तापमान दाखवणारा इन्फ्रारेड थर्मामीटर
- तुमच्या पेट्रोलच्या नळीच्या मापाची वीतभर पारदर्शक नळी आणि दोन क्लिप
- झाकणाची पारदर्शक काचेची बरणी
- मॅन्युअलात लिहिलेल्या नंबरचे नवे प्लग
- वही आणि पेन

वही विसरू नका. किती मिनिटांनी मिसिंग सुरू झालं, कोणत्या रेसला, काय केल्यावर सुधारलं हे त्याच वेळी लिहिलं नाही तर संध्याकाळपर्यंत सगळं एकमेकांत मिसळून जातं.

१. टेस्टिंगची जागा आणि वेळ ठरवा

बंद पडणारं इंजिन घेऊन उघड्या समुद्रात जायचं नाही. खाडीच्या आत, जेट्टीच्या नजरेत राहा. वेळ भरती चढत असतानाची निवडा, म्हणजे इंजिन थांबलंच तर पाणी तुम्हाला आत ढकलेल. ओहोटीला तेच पाणी मुखाबाहेर ओढून नेतं. नांगर आणि दोर, दोन वल्ही, सगळ्यांना लाइफ जॅकेट, चार्ज केलेला फोन आणि सोबत एक जाणता माणूस हे हवंच. तटरक्षक दलाचा आपत्कालीन नंबर १५५४ आहे, तो फोनमध्ये आधीच भरून ठेवा.

बरंचसं काम जेट्टीला होडी घट्ट बांधून, गिअर टाकूनही होतं. त्यात पंख्याच्या (प्रॉपेलरच्या) आसपास दोर किंवा माणूस नसल्याची खात्री करा. पेट्रोलची नळी सोडताना आजूबाजूला विडी-सिगारेट नको, आणि तळात सांडलेलं पेट्रोल पुसून, वास जाईपर्यंत हवा खेळू देऊन मगच ठिणगीच्या तपासणीला हात लावा.

घरी अंगणात चालवून बघायचं असेल तर पिंपात इंजिनाचा पाय, म्हणजे खालचा भाग बुडवून किंवा पाणी आत ओढायच्या भोकांवर मफ (नळाची नळी जोडायच्या रबरी टोप्या) लावून, नळ सुरू करूनच. कोरडं इंजिन काही सेकंदांतच पाणी ओढणारा रबरी इम्पेलर जाळतं आणि मग तुमच्याकडे एकाऐवजी दोन दोष असतात.

२. गरमीमुळे, वेळेमुळे की लोडमुळे?

"गरम झाल्यावर बिघडतं" असं आपण म्हणतो तेव्हा तीन गोष्टी एकदमच झालेल्या असतात. इंजिन तापलेलं असतं, टाकीतून बरंच पेट्रोल ओढलं गेलेलं असतं, आणि होडी लोडवर पळालेली असते. या तिघांना वेगळं केल्याशिवाय एकही पार्ट उघडू नका.

मिसिंग सुरू झाल्या झाल्या इंजिन बंद करा, टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू पूर्ण सोडा, किंवा झाकणच सैल करा, आणि लगेच पुन्हा सुरू करा. इंजिन तितकंच गरम आहे, थंड व्हायला वेळ दिलेलाच नाही. तरीही ते नीट चालायला लागलं तर गरमीचा संबंध नाही. टाकीत हवा जात नव्हती, पेट्रोल काढलं तसं आत निर्वात तयार होत गेलं आणि पंपाला ओढवेना. हा दोष घड्याळावर चालतो, तापमानावर नाही, पण बाहेरून अगदी हुबेहूब गरमीचा वाटतो. तपासायला फुकट आहे, म्हणून पहिला.

आता लोड. जेट्टीला बांधून, न्यूट्रलला स्लोवर वीस मिनिटं चालवा. तिथेही बिघडलं तर लोडचा वाटा कमी. फक्त जोरात पळवताना बिघडत असेल तर इंधन कमी पडतंय किंवा ठिणगी दाबाखाली तुटतेय. आवाज चढतो, आरपीएम वाढतात, पण होडी पुढे जात नाही, असं असेल तर ते मिसिंगच नाही. पंख्याच्या मधलं रबरी बूश घसरत असेल किंवा पंख्यावर जाळ्याची दोरी, प्लास्टिक अडकलं असेल. आधी तेवढं बघून घ्या.

तिसरी परीक्षा चोकची, आणि ती मला सगळ्यांत जास्त बोलकी वाटते. थंड इंजिन चोकवर सुरू होतं, म्हणजे त्याला जास्तीचं पेट्रोल मिळत असतं. ते तापलं की आपण चोक आत ढकलतो आणि मग इंजिन पहिल्यांदाच कार्बोरेटरच्या जेटवर, म्हणजे पेट्रोल सोडणाऱ्या बारीक भोकावर पूर्णपणे अवलंबून राहतं. जेट अर्धवट तुंबला असेल किंवा कुठून तरी हवा शिरत असेल, तर तो दोष इतका वेळ चोकने झाकलेला होता. म्हणून मिसिंग चालू असताना चोक किंचित ओढून बघा. इंजिन सावरलं तर त्याला पेट्रोल कमी पडतंय. आणखी बिघडलं, काळा धूर काढून गुदमरलं, तर पेट्रोल जास्त आहे किंवा ठिणगी कमजोर आहे.

चोक ओढून सावरतंय म्हणून तसंच घरापर्यंत फुल रेसवर आणू नका. टू-स्ट्रोकमध्ये ऑइल पेट्रोलबरोबरच आत जातं. पेट्रोल कमी म्हणजे वंगणही कमी, आणि असं इंजिन जोरात पळवलं की पिस्टन जाम होतो. हळूहळू या.

३. पेट्रोल: टाकीपासून पंपापर्यंत

मी पाहिलेल्यांत बहुतेक वेळा दोष इथेच निघाला आहे, म्हणून इथे वेळ द्या.

नळीतला रबरी बल्ब हे तुमचं मुख्य मीटर. मिसिंग सुरू होताच सोबतच्या माणसाला तो दाबायला सांगा आणि आवाज ऐका.

- दाबल्यावर इंजिन सावरतं: पेट्रोल पोहोचत नाहीये. दोष टाकी ते पंप यांच्यात कुठेतरी.
- बल्ब आत ओढला जाऊन चपटा झालाय: अडथळा बल्बच्या टाकीकडच्या बाजूला आहे. हवेचा स्क्रू, टाकीतल्या नळीच्या टोकाची जाळी, आतून फुगलेली किंवा दुमडलेली नळी.
- बल्ब कितीही दाबला तरी कडक होत नाही: त्याच्या आतले वाल्व गेलेत किंवा जोडांतून हवा येतेय. दाबताना बल्बवरचा बाण इंजिनाकडे हवा, आणि इंजिनाकडचं टोक वर धरलं तर वाल्व नीट बसतात.
- दाबल्यावर आणखी बिघडतं: कार्बोरेटरची नीडल (पेट्रोल अडवणारी सुई) बसत नाही, पेट्रोल साठायची वाटी भरून वाहतेय.

हवा शोधायला पारदर्शक नळी. बल्ब आणि इंजिन यांच्यामध्ये ती तात्पुरती जोडा आणि मिसिंग चालू असताना बघा. बुडबुड्यांची सलग माळ दिसली तर हवा ओढली जातेय. पहिला संशय इंजिनाला नळी जोडायच्या क्लिपच्या जोडावर, त्याच्या आतल्या छोट्या ओ-रिंगवर. ही रिंग उन्हाने आणि पेट्रोलने कडक होते, आणि ती पेट्रोल बाहेर गळू न देताही हवा आत घेऊ शकते. बाहेर ओलं दिसत नाही म्हणून जोड चांगला आहे असं समजू नका. टाकीकडच्या टोकालाही अशीच रिंग असते.

वाटेतला सगळा रस्ता मोकळा असेल तर फ्युएल पंप. टू-स्ट्रोकचा पंप क्रँककेसमधल्या दाबाच्या चढउतारावर हलणाऱ्या पातळ पडद्यावर चालतो. पडदा ताठरला तर जोरात पळवताना पेट्रोल पुरत नाही. त्याला भोक पडलं तर पेट्रोल त्याच दाबाच्या वाटेने थेट क्रँककेसमध्ये शिरतं, एक सिलिंडर ओला होतो आणि स्लोवर इंजिन धडपडतं. पंपाचं किट महाग नसतं, पडदा बदलताना दोन्ही गॅस्केट नवी टाका आणि थर जसे निघाले तसा फोटो काढून ठेवा.

दुपारच्या उन्हात आणखी एक प्रकार होतो. एप्रिल-मेमध्ये तापलेलं इंजिन बंद करून झाकणाखाली ठेवलं की पंपातलं आणि नळ्यांतलं पेट्रोल वाफ धरतं. वीस मिनिटांनी सुरू करताना ते अडखळतं, बल्ब कडक होईपर्यंत दाबला की ठीक होतं. रोज होत असेल तर नळी इंजिनाच्या गरम भागाला टेकलीय का बघा.

४. पेट्रोल कसलं आहे तेही बघा

आता पंपावर मिळणारं पेट्रोल बहुतेक ठिकाणी ई-२० आहे, म्हणजे त्यात २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. गाडीत ते आठवड्याभरात जळून जातं. होडीत पावसाळी मासेमारी बंदीचे जून-जुलै पडून राहिलं तर गोष्ट वेगळी. इथेनॉल हवेतली वाफ ओढून घेतं, अर्धी रिकामी टाकी असेल तर अधिकच, आणि पाणी ठरावीक प्रमाणापलीकडे गेलं की इथेनॉल आणि पाणी मिळून वेगळं होऊन तळाशी बसतं. टाकीची ओढनळी तळाच्या जराशीच वर असते. टू-स्ट्रोक ऑइल मात्र वरच्या पेट्रोलमध्ये राहतं, त्यामुळे इंजिनाला जे मिळतं त्यात वंगणच नसतं.

याचा गरमीशी संबंध असा जुळतो की जेट्टीवर होडी स्थिर असताना वरचं चांगलं पेट्रोल नळीत भरलेलं असतं. बाहेर लाटांवर हलायला लागली की तळाचं पाणी ओढनळीत येतं, आणि तोवर इंजिन तापलेलं असतं.

तपासणी सोपी आहे. टाकीच्या तळातून आणि कार्बोरेटरच्या वाटीच्या ड्रेन स्क्रूतून थोडं थोडं पेट्रोल बरणीत घ्या, तासभर स्थिर ठेवा. खाली वेगळा थर किंवा थेंब दिसले, पेट्रोल गढूळ दिसलं, व्हार्निशसारखा आंबूस वास आला, तर सगळी टाकी रिकामी करा. त्यात ताजं पेट्रोल ओतून भागवू नका. आणि ते काढलेलं खाडीत ओतू नका, गॅरेजवाल्याकडे द्या. पंप आणि बल्बच्या मध्ये पाणी वेगळं करणारा फिल्टर बसवून घ्या. माझ्या मते लहान होडीवर करायचा हा सगळ्यांत कामाचा खर्च आहे.

ऑइलबद्दल एकच. डब्यावर टीसी-डब्ल्यू३ लिहिलेलं आउटबोर्डचंच घ्या. स्कूटरचं टू-टी ऑइल हवेने थंड होणाऱ्या इंजिनासाठी असतं, पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनात ते प्लगवर आणि रिंगांवर थर धरतं. प्रमाण मॅन्युअलात असेल तेच. ५०:१ असेल तर एका लिटरला २० मिली. "थोडं जास्त टाकलं तर बरं" हा सल्ला प्लग ओले करतो.

५. ठिणगी: मिसिंग चालू असतानाच धरा

पेट्रोल निर्दोष निघालं तर इकडे या. तांब्याच्या बारीक तारांची गुंडाळी म्हणजे कॉइल. तापल्यावर तार आणि तिच्यावरचं आवरण फुगतं, आणि आत कुठे तडा असेल तर नेमका तेव्हाच उघडतो. थंड झालं की तडा मिटतो. म्हणून थंड कॉइलचं माप चांगलं येतं.

सुरुवात प्लगपासून. मिसिंग चालू असतानाच किल स्विचने इंजिन बंद करा, स्लोवर बराच वेळ चालवून नंतर नाही, नाहीतर खूण पुसली जाते. दोन्ही प्लग काढून शेजारी ठेवा. एक तपकिरी आणि एक ओला काळा असेल तर ओला सिलिंडर जळत नाहीये. दोन्ही पांढरे असतील तर पेट्रोल कमी किंवा गरमी जास्त. एक प्लग धुतल्यासारखा लखलखीत स्वच्छ असेल तर तिथे पाणी शिरतंय, भाग ७ बघा.

प्लगचा नंबर मॅन्युअलशी जुळवा. एनजीकेच्या नंबरात शेवटी -१० असेल तर गॅप १.० मिलिमीटर, मध्ये आर असेल तर आत रेझिस्टर आहे, आणि आकडा जितका मोठा तितका प्लग थंड जातीचा. बाइकच्या दुकानात "हाच बसतो" म्हणून दिलेला प्लग आट्यांना बसतो, इंजिनाला मानवेलच असं नाही.

मग कोणता सिलिंडर सुटतोय ते शोधा. टायमिंग लाइट असेल तर एका प्लगच्या वायरवर चिमटा लावून मिसिंग चालू असताना दिव्याकडे बघा. उघडझाप सलग असेल तर त्या वायरमधून ठिणगी जातेय, मध्येच गाळत असेल तर दोष इग्निशनमध्ये. मग दुसऱ्या वायरवर. यात काही उघडावं लागत नाही. लाइट नसेल तर इंजिन बंद करा, गरम असतानाच स्पार्क टेस्टर जोडा, बॉडीला अर्थ द्या आणि दोरी ओढा. टेस्टरचा गॅप मॅन्युअलाप्रमाणे. निळी, कडक आवाजाची ठिणगी हवी, पिवळसर बारीक नको.

चालू इंजिनावर प्लगची टोपी हाताने उपसू नका. सीडीआयचा (ठिणगी सोडणाऱ्या इलेक्ट्रॉनिक युनिटचा) झटका जबर असतो, ओल्या होडीत तर धोकाच, आणि उघड्या पडलेल्या वायरमुळे सीडीआय युनिटही जळू शकतं.

दोषी सिलिंडर कळला की कॉइलची अदलाबदल. दोन सिलिंडरना दोन वेगळ्या कॉइल असतील तर वरची खाली, खालची वर बसवा आणि पुन्हा गरम करून बघा. मिसिंग दुसऱ्या सिलिंडरवर गेलं तर कॉइलच दोषी, खात्रीने. तिथेच राहिलं तर कॉइल सोडा, सीडीआय किंवा फ्लायव्हीलखालच्या चार्ज (वीज देणाऱ्या) आणि पल्सर (ठिणगीच्या वेळेचा इशारा देणाऱ्या) कॉइलकडे जा. काही इंजिनांत दोन्ही सिलिंडरना एकच जोडकॉइल असते, तिथे ही युक्ती चालत नाही.

ओहम मोजताना हे लक्षात ठेवा की तांब्याचा रोध दर अंशाला साधारण ०.४ टक्क्याने वाढतो. ३० अंशांना ३०० ओहम दाखवणारी कॉइल ८० अंशांना ३५५-३६० दाखवेल, आणि ते बरोबर आहे. मॅन्युअलातले आकडे थंड कॉइलचे, बहुधा २० अंशांचे असतात. गरम असताना मीटर एकदम उघडं सर्किट दाखवायला लागला, किंवा वायर हलवली की आकडा उड्या मारतो, तो दोष. फ्लायव्हीलखालच्या कॉइलच्या वायरी बाहेर जोडापर्यंत येतात, तिथेच इंजिन बंद केल्या केल्या मोजा. प्लगची कॉइल काढून घरी हेअर ड्रायरने तापवून मोजता येते. पण मीटरवर चांगली आली म्हणून ती सुटली असं नाही. मीटर एक-दोन व्होल्टवर मोजतो, कॉइलला हजारो व्होल्ट धरायचे असतात. आवरणाला तडा असेल तर मीटरला तो कळत नाही, अदलाबदलीत कळतो.

नवी सीडीआय घ्यायच्या आधी दोन स्वस्त गोष्टी. सगळे जोड उघडून हिरवा गंज साफ करा, अर्थची वायर घासून घट्ट करा. आणि किल स्विचची वायर तात्पुरती सोडून चालवून बघा. खाऱ्या हवेने स्विच आतून गंजला असेल तर थरथरीने तो मध्येच इंजिनाला बंदचा इशारा देतो. ही वायर सोडल्यावर किल स्विच चालणार नाही, चोक ओढून किंवा पेट्रोल तोडून बंद करायचं हे सोबतच्याला आधी सांगा, आणि ही परीक्षा फक्त जेट्टीला बांधूनच करा.

६. इंजिन थंड करणारं पाणी

इंजिनाच्या मागून पाण्याची धार पडतेय का, ती गरम झाल्यावर बारीक होते का? बारीक झाली तर आधी धारेच्या भोकात मऊ तार घाला, कित्येकदा तिथे फक्त मीठ किंवा गाळ असतो. तरी धार कमजोर असेल तर इम्पेलर. ओहोटीला गाळावरून होड्या काढणाऱ्यांचे इम्पेलर लवकर झिजतात, त्यांनी दर हंगामाला बदलावा. पाती तुटलेली सापडली तर तुटका तुकडा शोधून काढा. तो वर जाऊन पाण्याची वाट अडवतो आणि नवा इम्पेलर टाकूनही इंजिन तापतं.

धार चांगली आहे म्हणजे हेडला पाणी पोहोचतंय असं नाही. इन्फ्रारेड थर्मामीटरने दोन्ही सिलिंडरच्या हेडवर माप घ्या आणि वहीत लिहा. थर्मोस्टॅट (तापल्यावर पाण्याची वाट उघडणारा वाल्व) बऱ्याच आउटबोर्डात ५० ते ६० अंशांच्या आसपास उघडतो. काढून पातेल्यात पाणी तापवून, थर्मामीटर धरून बघा. बंद अडकला तर इंजिन तापतं. उघडा अडकला तर इंजिन कधी नीट तापतच नाही आणि प्लग काळे पडतात. थर्मोस्टॅट काढूनच टाका असा सल्ला जेट्टीवर सर्रास मिळतो, तो ऐकू नका.

काही मॉडेलांत इंजिन जास्त तापलं की ते स्वतःच ठिणगी गाळून आरपीएम खाली आणतं. कानाला ते मिसिंगच वाटतं. धोक्याचा दिवा किंवा बझर खराब असेल तर कळायला दुसरा मार्ग नाही, म्हणूनही तापमान मोजायचं.

७. कम्प्रेशन आणि हेड गॅस्केट

इंजिन गरम, दोन्ही प्लग बाहेर, वायरी अर्थला, रेस पूर्ण उघडी. गेज लावून काटा चढायचा थांबेपर्यंत दोरी ओढा. दोन्ही आकडे लिहा. हेच सकाळी थंड असतानाही करून ठेवा. दोन सिलिंडरांत १०-१५ टक्क्यांहून जास्त फरक, किंवा गरम झाल्यावर एकच सिलिंडर खाली येणं, म्हणजे रिंग, सिलिंडर किंवा गॅस्केट. स्वच्छ धुतलेला प्लग आणि त्याच सिलिंडरचं कमी कम्प्रेशन एकत्र दिसलं तर हेड गॅस्केट जवळपास नक्की. इथून पुढे घरचं काम नाही.

८. कार्बोरेटर, सगळ्यांत शेवटी

लोक सुरुवात इथून करतात, कारण तो समोर दिसतो. वरचं सगळं निर्दोष असेल, दोष फक्त स्लोवर असेल आणि चोकने सुधारत असेल तेव्हाच उघडा. बंदीनंतर पहिल्यांदा काढलेल्या होडीत बहुधा स्लो जेट डिंकाने धरलेला असतो. क्लीनर आणि हवा मारून साफ करा, जेटमध्ये तार घालू नका, भोक मोठं होतं.

स्लोचा स्क्रू हलवण्याआधी तो हळूच पूर्ण आत फिरवून किती फेरे होते ते मोजा, लिहा, परत तिथेच आणा. काही मॉडेलांत तो हवेचा असतो, काहींत पेट्रोलचा, आणि दोन्हींची दिशा उलट. सेटिंग गरम इंजिनावर, पाण्यात, गिअर टाकूनच करायचं. अंगणात मफवर सेट केलेलं स्लो पाण्यात गिअर टाकताच बंद पडतं.

सगळं करूनही गरम स्लो स्थिर राहत नसेल तर क्रँकच्या सीलमधून किंवा रीड वाल्वमधून गळती असू शकते. ते दाब देऊन तपासावं लागतं, मेकॅनिकचं काम आहे.

९. मेकॅनिककडे जाताना

इंजिन नाही, होडी न्या, किंवा त्याला जेट्टीवर बोलवा, आणि तो येईपर्यंत इंजिन गरम करून ठेवा. वहीतलं वाचून दाखवा: किती मिनिटांनी, कोणत्या रेसला, बल्ब दाबल्यावर काय, चोकने काय, कोणता प्लग ओला, हेडचं तापमान, कम्प्रेशनचे दोन्ही आकडे. एवढं हातात असलेला चांगला मेकॅनिक पाऊण काम झालेलंच समजतो. एका वेळी एकच पार्ट बदलायला सांगा आणि प्रत्येक वेळी पूर्ण गरम करून बघा. काढलेले जुने पार्ट परत मागून घ्या, चांगले निघाले तर ते सुटे म्हणून होडीत ठेवता येतात.

दुरुस्ती झाल्यावर पैसे देण्याआधी, आधी ज्या वेळेला बिघडत होतं त्याच्या दुप्पट वेळ चालवा. निम्मा वेळ स्लोवर, निम्मा लोडवर, मध्ये एकदा बंद करून दहा मिनिटांनी गरम असतानाच सुरू करून. टाकीचं झाकण, किल स्विचची वायर, बल्बचे जोड तपासणीसाठी सोडले होते ते सगळे जागेवर आलेत का ते बघा, आणि पहिल्या एक-दोन फेऱ्या दुसऱ्या होडीच्या सोबतीने करा.